गिअरांची सोयरीक

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी माझा पुतण्या खांद्यावर सायकल घेऊन आमच्या जुन्या जालन्यातल्या घराच्या पायऱ्या चढून आला. सायकलने माणसाला वाहून न्यावे, असा जगाचा संकेत आहे. इथे उलटा प्रकार पाहून मी विचारले, "काय रे, पंक्चर झाली का?"

"नाही काका, गिअर बसत नाहीत," तो म्हणाला आणि सायकल भिंतीला टेकवून मटकन खाली बसला.

सायकल मोठी देखणी होती. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळवलेले हँडल, बोटभर रुंदीचे टायर आणि मागच्या चाकाला एकीशेजारी एक बसवलेल्या दातेरी चकत्या. शर्यतीच्या जातीच्या या सायकलीला हल्ली ‘रोड बाईक’ म्हणतात. पुण्याच्या एका गृहस्थांकडून त्याने ती जुनी विकत घेतली होती. पैसे मात्र वर्षभर शिकवण्या घेऊन स्वतः साठवलेले. छत्रपती संभाजीनगरहून निघणारी दोनशे किलोमीटरांची ‘ब्रेव्हे’ पुरी करायची, असा त्याचा पण होता. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत कापायचे आणि वाटेत आपली सायकल आपणच सांभाळायची, एवढाच तिचा नियम. पहिला-दुसरा असा क्रमांक त्यात कोणाचा लागत नाही.

सरावासाठी म्हणून तो दौलताबादच्या घाटात गेला आणि ऐन चढावर साखळीने दगा दिला. ती एका चकतीवरून दुसरीवर आपल्या मनाने उड्या मारू लागली. एकदा तर जोर लावताच पाय निसटला आणि गुडघा फुटला. एका मोठ्या दुकानात दाखवले, तेव्हा ‘मागची सगळी यंत्रणाच बदलावी लागेल’ असा निकाल मिळाला. त्याचा खर्च सायकलीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता.

माझे धाकटे बंधू व्यवहारी आहेत. ते म्हणाले, "विकून टाक ती. आणि जिन्याखाली आबांची काळी सायकल धूळ खात पडली आहे, तीही भंगारात देऊन टाकू. दिवाळीला घर तरी मोकळं होईल." आमचे जालना पोलादाचे गाव. इथल्या भट्ट्यांत देशोदेशीचे भंगार वितळते आणि त्याच्या सळ्या होऊन बाहेर पडतात. तेव्हा आबांची सायकल उद्या कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जाणार, हे मला स्वच्छ दिसू लागले.

मी हायस्कुलात इतिहास शिकवण्यात हयात घालवलेला माणूस. पान्याशी माझा संबंध पंचांगातल्या पानांइतकाच. तथापि त्या चार दिवसांत मी जे पाहिले, त्यावरून माझी खात्री झाली की पुतण्याच्या सायकलीचा रोग यंत्राचा कमी आणि इतिहासाचा अधिक होता. तो इतिहासच आज वाचकांपुढे मांडायचा आहे.

दात्यांचा हिशेब

आधी गिअर म्हणजे काय ते पाहू. जिन्याखालची काळी सायकल बाहेर काढून मी खडूने खूण केली आणि दाते मोजले. पायडलजवळच्या मोठ्या चकतीला ४४, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायाचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाक अठ्ठावीस इंची, त्याचा परीघ सव्वादोन मीटरांच्या आसपास. तेव्हा पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. जालन्याहून बदनापूरकडे जाणाऱ्या सपाट रस्त्याला हे माप उत्तम. आबांनी याच एका मापावर सारी नोकरी केली.

पुतण्याच्या सायकलीला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, आणि मागे ११ दात्यांपासून २८ दात्यांपर्यंत चढत गेलेली उतरंड. पुढची लहान आणि मागची सर्वांत मोठी चकती जोडली, तर एका फेऱ्याला सायकल अडीच मीटरच सरकते. पुढची मोठी आणि मागची सर्वांत लहान जोडली, तर साडेनऊ मीटर. चढावर पहिली जोडी, उतारावर दुसरी. ओझे तेवढेच राहते. ते एका खेपेत न्यायचे की चार खेपांत, एवढाच प्रश्न. गिअर माणसाला शक्ती देत नाही. आहे ती शक्ती सुट्या पैशांसारखी मोडून देतो.

साखळीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारे जे लहानसे यंत्र मागच्या चाकाच्या आसाजवळ लोंबते, त्याला ‘डिरेलर’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. त्याचा सरळ अर्थ रुळावरून घसरवणारा. आगगाडीला जो अपघात, तो इथे रोजचा धंदा.

रेशमाचा व्यापारी आणि शर्यतीचा पंतोजी

साखळीने मागचे चाक फिरवणारी, दोन्ही चाके सारखी असलेली सायकल जगापुढे आली ती १८८५ साली. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावच्या जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ ती हीच. त्याआधी १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने रूळ असलेल्या कड्यांची साखळी तयार केली होती. आज जगातल्या बहुतेक सायकलींच्या साखळीत दोन खिळ्यांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. आबांच्या काळ्या सायकलीत तेवढेच, पुतण्याच्या सायकलीतही तेवढेच. या एका मापावर आजा आणि नातू यांचे एकमत आहे. भांडण पुढे सुरू होते.

मराठी मुलखानेही या वाहनाचे स्वागत लवकर केले. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगरांपासून इंजिनांपर्यंत पोचलेल्या त्या उद्योगाचे मूळ सायकलच्या दुकानात आहे, हे आजच्या तरुणांना ठाऊक नसते. १९२३ साली तर आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण सोबत्यांसह मुंबईहून सायकलवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले.

गिअरांचा खरा पुरस्कर्ता मात्र एक फ्रेंच गृहस्थ. पॉल द व्हिव्ही हे त्याचे नाव. जन्म १८५३ चा. सेंट एतियेन गावात तो रेशमाचा व्यापार करी. सायकलचे वेड लागले आणि त्याने सायकलस्वारांसाठी मासिक काढले. त्यात तो ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत असे. गाव डोंगराच्या कुशीत, त्यामुळे एका गिअरवर भागेना. साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेण्याच्या नाना युक्त्या त्याने स्वतः करून पाहिल्या आणि दुसऱ्यांनी केलेल्या मासिकातून लोकांपुढे आणल्या. आपल्याकडच्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे हा गृहस्थ शाकाहारी होता आणि लांबलांबच्या मजला त्याच आहारावर मारी.

त्याला विरोध करणारा माणूसही तितकाच खंबीर भेटला. १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज. शर्यत म्हणजे माणसाच्या पायांची परीक्षा, तिथे यंत्राची मदत कशाला, असा त्याचा करडा पंतोजी बाणा. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, असे त्याचे मत होते. त्याच्या शर्यतीत स्वार एकच चकती वापरीत. फार तर चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक चकती असे. चढ आला की खाली उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा निघायचे. अशा सायकली घेऊन ते स्वार पिरेनीज आणि आल्प्स पर्वत ओलांडीत. देग्रांजने हट्ट धरला तो थेट १९३६ पर्यंत. १९३७ साली डिरेलरला मोकळीक मिळाली आणि त्या वर्षीचा विजेता रॉजे लापेबी डिरेलरच्या सायकलीवर जिंकला.

दरम्यान इंग्रजांनी निराळी वाट धरली होती. १९०२ च्या सुमारास नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर या नावाने तीन गिअर चाकाच्या हबच्या पोटात बंद करून बसवण्याची युक्ती निघाली. बाहेर काही लोंबत नाही, चिखल लागत नाही. आपल्याकडे मात्र यातले काहीच फारसे रुजले नाही. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, सोनिपतला अॅटलस, असनसोलला सेन-रॅले, लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी खेडोपाडी पोचवली ती एका गिअरची काळी, दणकट सायकल. तिच्यावर पोस्टमन फिरला, दुधाच्या चरव्या फिरल्या, शाळामास्तर फिरले. तिचा कोणताही भाग कोणत्याही तालुक्याला मिळे आणि तो बसेच बसे. भोकरदनला तुटलेला पायडल परतूरला बदलता येत असे. वरवर क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

हाताची सवय, कानाचा न्याय

इटलीत तुलिओ काम्पान्योलो नावाचा एक स्वार होता. १९२७ साली एका बर्फाळ घाटात बोटे गारठल्यामुळे त्याला चाकाचा नट सोडवता आला नाही आणि शर्यत हातची गेली, अशी कथा सांगतात. त्याने १९३३ साली व्हिचेन्झा गावी कारखाना काढला. पन्नास-एक्कावन्न साली त्याच्या कारखान्यातून ‘ग्रान स्पोर्ट’ नावाचा डिरेलर बाहेर पडला. चार सांध्यांचा, समांतरभुज चौकोनासारखा तिरका होणारा हा सांगाडा तारेने ओढला की साखळीसकट आत सरकतो आणि तार सैल सोडली की स्प्रिंगने बाहेर येतो. १९६४ साली जपानच्या सनटूर या कारखान्याने हा चौकोन थोडा कलता बसवला. त्यामुळे डिरेलर चकत्यांच्या उतरंडीला अंगाबरोबर राहू लागला. आजचा प्रत्येक चांगला डिरेलर या दोघांचा वंशज आहे.

या काळातली मौज अशी की, गिअरचा खटका कोठेही अडत नसे. तो नुसत्या घर्षणावर राही. स्वार दांडी हळूहळू ओढी आणि साखळी नीट बसली की नाही ते कानाने ठरवी. तंबोऱ्याची खुंटी पिळताना गवई करतो तेच. मागे पाच चकत्या असोत वा सात, त्या फ्रान्सच्या असोत वा जपानच्या, खटक्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. जुळवून घेण्याचे काम माणूस करी, म्हणून भागांना आपसात जुळावे लागत नसे.

‘टक्’

ओसाकाजवळच्या साकाई गावात पिढ्यान्‌पिढ्या तलवारी आणि सुऱ्या घडवणारे कारागीर. तिथे शोझाबुरो शिमानो याने १९२१ साली कारखाना काढला आणि पहिला माल बनवला तो फ्रीव्हीलचा. याच शिमानो कंपनीने १९८४ साली असा खटका बाजारात आणला की तो ‘टक्’ वाजला की साखळी नेमकी एक चकती सरकलीच पाहिजे. कान नको, सवय नको. नवशिक्यालाही गिअर बदलता येऊ लागला. १९९० साली हा खटका ब्रेकच्या दांड्यातच आला आणि हँडलवरून हात काढण्याचे कारण उरले नाही. फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. घाटात, वळणावर, पावसात दोन्ही हात हँडलवर राहतात, हे काही लहान सुख नव्हे.

पण सोयीची किंमत असते. ‘टक्’ खरा ठरायचा, तर तीन मापे एकमेकांशी तंतोतंत जुळावी लागतात. खटका एका वेळी तार किती ओढतो, हे पहिले. तेवढ्या तारेला डिरेलर किती सरकतो, हे दुसरे. आणि दोन चकत्यांमध्ये अंतर किती, हे तिसरे. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याइतका आला पाहिजे. ही गिअरांची पत्रिका. छत्तीस गुणांपैकी अठरा जमले तरी लग्न होते, म्हणतात. इथे एक गुण कमी पडला तरी संसारात खडखड सुरू.

त्यात चकत्यांची संख्या वाढत गेली. १९८४ साली मागे सहा होत्या. पुढे सात, आठ, नऊ, दहा, अकरा आणि २०२१ पर्यंत शिमानोच्या उंची सायकलींवर बारा. चाकाजवळची जागा त्या प्रमाणात वाढेना, मग चकत्या दाटीवाटीने बसू लागल्या. आठ चकत्यांच्या काळात दोघींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ४.८ मिलिमीटर होते. नवांच्या काळात ते सुमारे ४.३५ झाले, दहांच्या काळात ३.९५. साखळीही त्याबरोबर बारीक झाली. नऊची साखळी बाहेरून साडेसहा मिलिमीटरांहून थोडी अधिक, दहाची सहाच्या आत.

याहून फसवी गोष्ट डिरेलरची. शिमानोच्या रस्त्यावरच्या सायकलींचा जुना डिरेलर, मोजके अपवाद सोडले तर, एक मिलिमीटर तार ओढली की सुमारे १.७ मिलिमीटर सरकतो. म्हणून आठ, नऊ आणि जुन्या दहा गिअरांचे डिरेलर एकमेकांच्या जागी चालून जातात. पण अकरा गिअर आले तेव्हा हे प्रमाण १.४ च्या घरात आणले गेले, आणि डोंगरी सायकलींच्या दहा गिअरांना ते १.२ च्या आसपास ठेवले. तेव्हा एकाच कंपनीचे नाव, अंगावर ‘दहा’ हाच आकडा, तरी रस्त्याच्या सायकलीचा खटका आणि डोंगरी सायकलीचा डिरेलर यांचे कधीच जमणार नाही. आडनाव एक म्हणून गोत्र जुळेलच असे नसते. इटलीची काम्पान्योलो आणि अमेरिकेची स्रॅम या कंपन्यांची मापे तर आणखी वेगळी.

मनमाडची हमाली

जालन्याच्या माणसाला ही गोष्ट कळायला जड जाऊ नये. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून ती हैदराबादकडे जाई. तिचे रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मनमाडला तिची गाठ पडे मुंबईच्या ब्रॉडगेज रेल्वेशी, जिच्या रुळांत साडेपाच फूट अंतर. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढणे अशक्य. जालन्याच्या कापसाची गाठ मुंबईला जायची, तर मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावी लागे. दोन्ही रेल्वे आपापल्या जागी उत्तम होत्या. खोट कोणातच नव्हती. खोट होती सांध्यात. आमच्या मुलखात नाणीही दोन होती, निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार रुपया. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. तरी रूळ मात्र वेगळेच राहिले. जालन्याचा १९८१ साली स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हाही गाडी मीटरगेजच होती. १९९० नंतरच्या दशकात रूळ रुंद झाले आणि मनमाडची ती हमाली थांबली.

पुतण्याच्या सायकलीत असेच एक मनमाड कोठेतरी दडले होते. ते शोधून काढले आमच्या चाचांनी.

चाचांची तपासणी

कुंडलिकेच्या पुलाजवळच्या गल्लीत चाचांचे सायकलचे दुकान आहे. वय सत्तरीपुढे. आबांच्या काळ्या सायकलीची कॉटर पिन त्यांनी किती वेळा ठोकली असेल, याची गणती नाही. धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही दोन्ही सायकली घेऊन गेलो. पुतण्या कुजबुजला, "काका, यांनी अशी सायकल कधी उघडली तरी असेल का?" चाचांचे कान शाबूत होते. ते हसून म्हणाले, "बेटा, उघडली नाही. पण बीमारी कोणाची पण असो, नाडी तर एकाच हाताला असते ना?"

त्यांनी सायकल उलटी टांगली आणि पहिल्यांदा डिरेलरला हातच लावला नाही. मागे उकिडवे बसून एक डोळा मिटून पाहिले. डिरेलर ज्या लहानशा कानाला लटकतो तो हँगर मऊ धातूचा असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो आणि वाकला की सगळा हिशेब चुकतो. गिअर बिघडण्याचे हे फार वारंवार आढळणारे कारण. पण इथे डिरेलरच्या दोन्ही कप्प्या चकत्यांच्या बरोबर सरळ रेषेत होत्या.

मग त्यांनी तार तपासली. जाताना गिअर चटकन बसतो पण परतताना रेंगाळतो, तेव्हा तार गंजलेली किंवा तिची नळी चेपलेली समजावी. तार नवीच होती. नंतर दोन बारीक स्क्रू. एक साखळीला चाकाच्या तारांत पडू देत नाही, दुसरा बाहेर चौकटीवर. त्यांचे काम एवढेच, अंगणाच्या दोन टोकांना कुंपण घालण्याचे. मधल्या गिअरांशी त्यांचा संबंध नसतो. हे न कळल्यामुळे पुष्कळ लोक तेच पिळत बसतात. तेही ठीक होते.

"गुरुजी, पट्टी आहे का?" चाचांनी विचारले. खिशात फूटपट्टी बाळगण्याची माझी जुनी खोड त्यांना ठाऊक होती. साखळीचे चोवीस खिळे बरोबर बारा इंचांत बसले पाहिजेत. एक षोडशांश इंच वाढ दिसली तर साखळी झिजली, बदलावी. एक अष्टमांश दिसली तर तिने चकत्याही खाल्ल्या असे समजावे. जोर लावताच साखळी उडते त्याचे कारण बहुधा हेच असते. आमची साखळी पट्टीला तंतोतंत उतरली.

आता चाचांनी पायडल हाताने फिरवीत एकेक गिअर टाकला. मधले तीन-चार गिअर अगदी गप्प. दोन्ही टोकांकडे जावे तसतशी खडखड वाढत जाई. त्यांनी तार ताणण्याचा लहान नट अर्धा फेरा फिरवला. आतला आवाज गेला, बाहेरचा दुप्पट झाला. उलटा फिरवला, तर बाहेरचा गेला आणि आतला वाढला. चाचा थांबले. त्यांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "तार ढिली असती तर सगळेच गिअर सारखे रडले असते. हे तर मधे हसतात आणि कडेला रडतात. गुरुजी, जरा गिनती करा."

मी चकत्या मोजल्या. दहा. चाचांनी खटका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेला आणि ‘टक्’ मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठच. आठ टप्पे म्हणजे नऊ मुक्काम. मुक्काम नऊ आणि घरे दहा!

पुतण्याने कपाळावर हात मारला. खटका नवांच्या जमान्यातला होता, चकत्या दहांच्या. आधीच्या मालकाने झिजलेला संच काढून हाती लागला तो नवा घातला असावा. तो बसतोही, कारण दोन्ही संचांना चाकावरची खाच एकच चालते. इतिहासाचा हिशेब मांडून पाहिला, तो असा: खटका दर वेळी ४.३५ मिलिमीटर चालतो, चकती मात्र ३.९५ वर उभी असते. दर टप्प्याला चाळीस शतांशांची चूक. मधल्या गिअरवर जुळवले तर चार टप्प्यांनंतर ती १.६ मिलिमीटर होते, म्हणजे दहाच्या संचातल्या एका दात्याच्या जाडीएवढी. दौलताबादच्या घाटात साखळी का उडत होती, ते इतके सरळ होते. एका सायकलीवर दोन साले शेजारी शेजारी बसली होती आणि एकमेकांचा शब्द त्यांना कळत नव्हता.

डिरेलर निर्दोष होता. जुन्या नऊ आणि जुन्या दहा गिअरांचे डिरेलर एकाच प्रमाणाचे, त्यामुळे तो बदलण्याचे कारणच नव्हते. खटकाही चांगला होता. लागत होता फक्त नऊ चकत्यांचा संच आणि त्याला साजेशी साखळी. दुकानाने सांगितलेल्या खर्चाच्या तो एक लहानसा हिस्सा झाला. वस्तू संभाजीनगरहून मागवली, ती नरक चतुर्दशीच्या दुपारी आली. दहाचा संच उतरवताना त्याच्यामागून एक मिलिमीटर जाडीचे पातळ कडे निघाले. दहाच्या बऱ्याच संचांना ते लागते, नऊच्या संचाला काढावे लागते. विसरले तर संच घट्ट बसत नाही. चाचांनी ते पुसून बिस्किटाच्या डब्यात टाकले. "कचरा नाही हे," ते म्हणाले, "याचं घर दुसरं आहे, एवढंच."

पाडव्याच्या पहाटे पुतण्या पुन्हा घाटात गेला आणि खुलताबादवरून वेरूळला जाऊन उन्हाच्या आत परतला. जानेवारीत त्याने ब्रेव्हे बारा तास चाळीस मिनिटांत पुरी केली. त्याचा आदर्श फार उंचीवरचा आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत जोडीने पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार पाडली. पुतण्याच्या भिंतीवर त्यांची छायाचित्रे आहेत. मी त्यांच्या शेजारी एक कागद चिकटवायला लावला आहे. त्यावर खटक्याचे टप्पे, चकत्यांची संख्या, डिरेलरचा क्रमांक आणि प्रत्येक भागाचे साल लिहिले आहे. जुनी सायकल घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे मोजण्याआधी एवढी चार कलमे लिहून काढावीत. चकत्या मोजायला आणि ‘टक्’ ऐकायला कोणत्याही हत्याराची गरज लागत नाही.

राहता राहिली आबांची सायकल. चाचांनी तिला तेल दिले, नवी साखळी घातली आणि दोन्ही टायर बदलले. साखळी कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, असे मी विचारले, तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. "गुरुजी, हिला कोणतीही चालते."

बंधूंनी भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही. भाऊबीजेला आमची बहीण अंबडहून आली तेव्हा तिला बसस्टँडवरून आणायला तेच त्या काळ्या सायकलवर गेले. बहिणीने मात्र सायकल पाहिली, बंधूंचे वय पाहिले आणि सरळ रिक्षा केली. बंधू मागून सामान घेऊन आले.